पूड पांढरी नाही

दरवर्षी मृग लागायच्या आत मी बाबांची लोखंडी पेटी उघडते. डांबरगोळ्या बदलायच्या असतात, एवढंच काम. पण झाकण वर केलं की मोरचुदाचा, घरी शिजवलेल्या खळीचा आणि पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रांचा मिळून एक वास येतो आणि त्याच्या तळाशी ओल्या दगडाचा. हा शेवटचा वास खरा नसणार. इतकी वर्षं ओल टिकत नाही. तरी मला तो येतो आणि मी पेटीसमोर फरशीवर बसते, ती लवकर उठत नाही.

पेटीत नेचे आहेत. फूल नाही, फळ नाही, बी नाही अशी ही झाडं. वाळवून, दाबून, जाड कागदांवर शिवलेली. माझे बाबा भंडाऱ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या सगळ्या वेळात नेचे शोधायचे. नेच्यांसाठी लोक घाटात जातात, धबधब्यांखाली भिजतात. बाबांनी भाताच्या आणि तलावांच्या या मुलखात ते शोधायला घेतले. बांधाच्या कडेला, विहिरीच्या आत, पडक्या मोऱ्यांमध्ये. विहिरीत डोकं घालून वाकलेला मास्तर दिसला की गावात आधी घबराट व्हायची आणि मग हसू.

चौकातला पानवाला त्यांना हमखास अडवायचा. "सर, याले फूल नाही, फळ नाही, बी नाही. मंग कायले सांभाळता जी?"

"म्हणूनच तं सांभाळतो," बाबा म्हणायचे. "फुलवाल्या झाडाईले पाहाले तुमी सगळे हाच न."

आईचं गाऱ्हाणं याहून जुनं होतं. "या माणसाले फुलं आवडतच नाहीत," ती आल्यागेल्याला सांगायची. "लग्नात मी हार घातला, तं हे हारातली पानं उलटून पाहून राहिले होते." बाबा यावर नुसते हसायचे. पान उलटायची त्यांना सवयच होती. नेच्याचं जे काही असतं ते पानाच्या मागे असतं, समोरून सगळे सारखेच दिसतात, हे त्यांचं वर्गातलं पहिलं वाक्य. मी ते इतक्या वेळा ऐकलं की ऐकू येईनासं झालं.

पावसाळ्यात आमचं घर नेच्यांचं व्हायचं. दाबायच्या फळ्या कमी पडायच्या, मग नमुने वर्तमानपत्रात घालून गाद्यांखाली जायचे. आषाढ-श्रावणात आम्ही तिघंही नेच्यांवर झोपायचो. कूस बदलली की कागद वाजायचा आणि बाबा झोपेतच "हळू" म्हणायचे. रोज संध्याकाळी ओले कागद काढून कोरडे घालायचे. ओले कागद आई कोळशाच्या इस्त्रीने सुकवायची, त्यांची वाफ खोलीभर पसरायची. वाळलेला नेचा जाड कागदावर घेऊन पांढऱ्या दोऱ्याने देठाला टाके घालायचं कामही तिचंच. बाबांना सुई धरता यायची नाही. "याले दोन टाके पुरतेत, याचा जीव लहान हाये," असं ती पुटपुटायची आणि दोरा दाताने तोडायची. नेच्यांची शास्त्रीय नावं तिला कधी जमली नाहीत, पण कुठल्या देठाला किती टाके लागतात ते बाबा तिलाच विचारायचे.

मला त्यातला एकच आवडायचा, चांदीचा नेचा. वीतभर उंच, दगडाच्या फटीत वाढणारा. वरून हिरवा आणि मागून पिठासारखी पांढरी पूड. बाबा ते पान माझ्या मनगटावर ठेवून अंगठ्याने दाबायचे आणि उचलायचे. कातडीवर पांढरं पान उमटायचं, शिरांसकट. मी तो हात शाळेत दिवसभर पाण्यापासून जपायची. थंडी संपता संपता हाच नेचा वाळून मुठीएवढा आक्रसायचा, मेलाच म्हणावं असा. बाबा तो वाटीत पाणी घालून ठेवायचे. सकाळी ठेवला की चार वाजेपर्यंत उघडायचा. शाळेतून आल्यावर मी दप्तर न काढता आधी वाटीकडे जायची.

मग जिल्हा फुटला. मी तेव्हा शाळा संपवून कॉलेजात आले होते. इतरांना कचेऱ्या, बदल्या, पाट्या यांची काळजी, बाबांना चिठ्ठ्यांची. प्रत्येक नमुन्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली असे. कुठे सापडला, कशात उगवला होता, आजूबाजूला काय होतं. सगळ्या चिठ्ठ्यांवर जिल्हा भंडारा, आणि आता त्यातले अर्धे नेचे गोंदियाचे झाले होते. "नेचे जागचे हालले नाहीत," बाबा पेटीकडे बघून म्हणाले, "जिल्हाच हालून गेला." ते हसत होते, पण दोन दिवस नीट जेवले नाहीत.

दोन वर्षांनी, बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन मी मोकळी झाले तेव्हा त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. माझं अक्षर चांगलं होतं. सगळे म्हणायचे, छापल्यासारखं आहे, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. सगळ्याच नमुन्यांसाठी नव्या छापील चिठ्ठ्या आणल्या होत्या. रकाने पाडलेले: नाव, ठिकाण, तालुका, जिल्हा, वर्णन. बाबांचा नियम एकच होता. "जुनी चिठ्ठी काढाची नाही, बेटा. चुकली असन तरी नाही. नवी तिच्या बाजूले लावाची. जुनी गेली तं नेचा गेला, मंग तो नुसता गवत हाये."

पहिले दोन गठ्ठे मी नियमाने केले. बाबांनी ते पाहिले, माझी पाठ थोपटली आणि पुढचे पाहायचं सोडून दिलं. मीही नियम सोडला. कागदावर माझी देखणी चिठ्ठी आणि तिच्या शेजारी ते पेन्सिलीचं खरखरीत, डागाळलेलं चिठोरं मला बघवेना. ओल्या फडक्याने भिजवलं की ते अलगद सुटायचं. सुटलेल्या चिठ्ठ्या मी न्हाणीच्या चुलीत घातल्या. त्या उन्हाळ्यात बाबांनी ज्या पाण्याने आंघोळ केली, ते त्यांच्याच चिठ्ठ्यांवर तापलेलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

आसगावच्या गठ्ठ्यात तो होता. आसगाव आमचं मूळ गाव, तिथल्या तलावावर बाबांनी खूप नमुने गोळा केलेले. चांदीच्या नेच्यासारखाच, पण बुटका, पानं जाडसर. आईने बाबांच्या सांगण्यावरून त्याचं एक पान मुद्दाम उलटं शिवलं होतं, मागची बाजू दिसावी म्हणून. चिठ्ठीवर नाव नव्हतं. बाबांच्या घाईच्या अक्षरात एवढंच होतं:

पूड पांढरी नाही. करडी. तुडमाच्या दगडात, पाण्याकडची बाजू.

तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतून शेताला पाणी सोडायची दगडी मोरी. ती जवळपास प्रत्येक तलावाला असते. ठिकाण लिहिलेलं नव्हतं. मग मी माझ्या सुंदर अक्षरात वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, 'पानामागील पूड करडी', आणि ठिकाणाच्या रकान्यात, गठ्ठा आसगावचा होता म्हणून, 'आसगाव, ता. पवनी'. जुनी चिठ्ठी चुलीत गेली.

एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितली नाही. लिहिताना मी त्या उलट्या पानाकडे पाहिलं होतं. पूड पिवळसर होती. फिकट, पण पिवळीच. मला ती दिसली. पण बाबांनी करडी लिहिलंय म्हटल्यावर मी माझ्याच डोळ्यांना गप्प केलं.

जूनच्या सुरुवातीला पुण्याच्या एका मोठ्या जाणकारांचं पत्र आलं. बाबांनी त्या नेच्याचं एक पान आणि चित्र त्यांना पाठवलं होतं. नमुना निराळा दिसतो, असं त्यांनी लिहिलं होतं. कदाचित अजून कुणी न नोंदलेला. पण एका पानावर सांगता येणार नाही, मुळासकट ताजा नमुना आणि नेमकं ठिकाण हवं. ते पत्र बाबा खिशात घेऊन फिरत. आयुष्यभर हसं झालेल्या माणसाला कुणीतरी 'कदाचित' म्हणालं होतं आणि तेवढ्या एका शब्दावर ते दहा वर्षांनी तरुण झाले.

"तिथं पाच-सहा होते," ते मला म्हणाले. "मी एकच आणला. बाकीचे तसेच ठेवले, पुढच्या पावसासाठी. यावर्षी तुले नेतो. जागा तूच लिहाची."

"कुठे आहे ती जागा?"

"चाल तं खरी. आत्ताच सांगितलं तं मजा काय? आन् पक्कं झालं न, तं त्याले गावाचंच नाव देऊ. मायं नाव कायले पाहिजे."

मी हसले. गाव आसगाव, हे मला ठाऊकच होतं. मीच तर लिहिलं होतं.

आषाढात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पंधरा दिवसांनी दवाखान्यातून आणलं तेव्हा तोंडातून दोन-चार शब्द निघायचे, तेही भलत्या वेळी. आईला हाक मारायची तर "पाणी" म्हणायचे. हो म्हणायचं असलं तरी मान नाही अशीच हलायची. डाव्या हातात पेन्सिल दिली की कागदावर नुसत्या रेघा उठायच्या आणि मग ते डोळे मिटून घ्यायचे. बाहेर पाऊस धरून होता. गाद्यांखाली त्या वर्षी काहीच नव्हतं, आणि कूस बदलली तरी कागद वाजत नव्हता.

मी ठरवलं, नेचा मीच आणायचा. भाद्रपदात तीन वेळा आसगावला गेले. तुडमाचा दगड न दगड पाहिला, गुडघाभर पाण्यात उतरून पाण्याकडची बाजू बोटांनी चाचपली. साधा चांदीचा नेचा भरपूर होता. तो नव्हता. तिसऱ्या खेपेला चिखलाच्या पायांनीच बाबांच्या खाटेपाशी बसले आणि म्हणाले, "बाबा, आसगावला नाही मिळाला हो. पण मी परत जाईन."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. ओठ वाकडे झाले, घशात घरघर झाली आणि शब्द आला.

"करडी."

"हो बाबा, पूड करडी. माहीत आहे मला. तसाच शोधते आहे."

मान हलली, नाही, नाही. पण त्यांच्या मानेवरचा विश्वास आम्ही केव्हाच सोडला होता.

मी तो कागद पेटीतून काढून त्यांच्यासमोर धरला, बरं वाटेल म्हणून. त्यांनी डाव्या हाताचं बोट माझ्या चिठ्ठीवर ठेवलं आणि नखाने तिची कड खरवडायला लागले. चिठ्ठीच्या खाली काही आहे का, ते बघत होते. मला वाटलं हात थरथरतोय. कागद फाटेल म्हणून मी तो हळूच काढून घेतला आणि पेटीत ठेवला.

त्यानंतर तो शब्द रोजचा झाला. सकाळी करडी, जेवताना करडी, कुणी भेटायला आलं की त्याचं मनगट पकडून करडी. आई बिचारी विचार करून थकली. मार्गशीर्षात बाजारात करडीची, म्हणजे करडईची, कोवळी भाजी आली तशी तिचा चेहरा उजळला. "अगं, याईले भाजी पाहिजे असन. आसगावले लहानपणी खात होते न." तिने लसूण घालून, ज्वारीच्या भाकरीबरोबर ती केली. स्वतः भरवली. बाबांनी पहिला घास घेतला, चावला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "पाय, आवडली," आई म्हणाली आणि तीही रडली. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा, ती भाजी व्हायची. लसणाच्या फोडणीचा वास घरभर व्हायचा. पुढे पुढे तो वास आला की बाबा तोंड भिंतीकडे करायचे. आई चमचा धरून म्हणायची, "अजी, खा न. तुमीच तं मांगता."

माघात बाबा गेले. शेवटच्या दोन दिवसांत ते काहीच बोलले नाहीत.

मी शिक्षिका झाले. वरठीच्या शाळेत लागले, आईला घेऊन तिथे खोली केली, पेटीही आली. आसगावला मी पुढची चार वर्षं जात राहिले, मग जाणं थांबवलं. फळ्यावर लिहिलं की मुली म्हणायच्या, "मॅडम, तुमचं अक्षर किती सुंदर आहे." मी डस्टर घेऊन ते पुसून टाकायची.

बाबांना जाऊन बारा वर्षं होत आली होती. ऐन दिवाळीच्या तोंडावर निवडणुकीच्या कामाचा आदेश आला. स्टाफरूममध्ये सगळे आपापल्या केंद्राचं नाव वाचून कुरकुरत होते. मी माझा कागद उघडला. छापील रकाने होते. नाव, पद, आणि ठिकाणाच्या रकान्यात एक शब्द.

करडी.

मोहाडी तालुक्यातलं करडी. मला काय ते गाव माहीत नव्हतं? माझ्या वर्गात तिथल्या दोन मुली होत्या. रोज हजेरीत त्यांची नावं घेत होते. पण रंग, भाजी आणि गाव, या तिघांपैकी गाव मात्र इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. रकान्यात आलं तेव्हा आलं. बाबांच्या चिठ्ठीत पूर्णविराम होता तिथे. पूड पांढरी नाही, पूर्णविराम. करडी, पूर्णविराम. मी तिथे स्वल्पविराम वाचला होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं जी, लय दूर आलं का?" मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही करडीला पोचलो. सामान शाळेत लावून मी अर्धा तास मागून घेतला आणि विचारत विचारत गावाच्या एका बोडीवर गेले. बोडी म्हणजे छोटा तलाव. पाऊस नुकताच संपलेला, पाणी काठोकाठ, पलीकडे धान पिवळं पडायला लागलेलं. पाळीवर एक म्हातारे गृहस्थ फाटलेलं जाळं सांधत बसले होते. मी तुडूम विचारलं.

"हे काय," त्यांनी सुईनेच दाखवलं. "मागच्या साली नवं केलं. सगळं सिमेंटचं, वरून लोखंडी दार. पक्कं काम हाये."

"आणि जुने दगड?"

"ते गेले कोणाच्या पायव्यात." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काहून बाई? तुमचं काही होतं का तिथं?"

मी कसंबसं विचारलं, फार वर्षांपूर्वी कुणी मास्तर आले होते का, झाडं बघणारे.

"आला होता न जी! फटफटीवर आला होता एक जन. दिवसभर पान्यात गुडघे टेकून दगडाले पाहून राहिला होता. मी म्हटलं, काही हरवलं का गुर्जी? तं म्हणे, हरवलं नाही, सापडलं." म्हातारबा हसले. "जातानी मले सांगून गेला, हे झाडं उपटू देऊ नका, पुढच्या पावसात पोरीले घेऊन येतो. तिचं अक्षर लय चांगलं हाये म्हणे, तिच्याच हातानं लिहून घेतो. मी दोन साल गुरंढोरं नाही येऊ देल्ली तिकडं. मंग तो आलाच नाही."

मी सिमेंटवरून हात फिरवला. गुळगुळीत होतं. एक फट नव्हती. खाली वाकून पाण्याकडची बाजूही पाहिली. ओली होती, पण तिच्यात काही रुजेल अशी जागा कुणी ठेवली नव्हती.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"मी त्याईले भाजी खाऊ घातली," ती म्हणाली. "ते गाव सांगून राहिले होते आन् मी भाजी खाऊ घातली."

"चूक माझी आहे, आई. चिठ्ठी मी जाळली."

तिने मला जवळ घेतलं नाही आणि रागावलीही नाही. उठून पेटी उघडली, तो कागद काढला आणि उजेडात धरला. मग बोट न लावता म्हणाली, "ही पूड पिवळी हाये न गं. मी शिवलं तवाच पाहिलं होतं. मले काय, मले कोनी विचारलं नाही."

त्या दिवशी मी पेन्सिल घेतली आणि साध्या कागदाच्या कपट्यावर तिसरी चिठ्ठी लिहिली. करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा. पूड पांढरी नाही, फिकट पिवळी. तुडमाच्या दगडात, पाण्याकडची बाजू. आता तिथे नाही. अक्षर बाबांसारखं खरखरीत आलं. पुण्याच्या त्या जाणकारांना मी पत्र लिहिलं, त्यांच्या घरून उत्तर आलं की ते आता नाहीत. दर पावसाळ्यात मी करडीला जाते, आसपासच्या सगळ्या बोड्या बघते, घरांच्या पायव्यांतले जुने दगडसुद्धा बघते. लोक हसतात. पानं उलटून बघायची सवय मला आता लागली आहे.

आज डांबरगोळ्या बदलताना तो कागद पुन्हा वर काढला. तिसऱ्या चिठ्ठीची खळ सुटत होती, ती परत लावली. तिच्या शेजारची 'आसगाव, पूड करडी' लिहिलेली छापील चिठ्ठी किती वेळा काढून टाकावीशी वाटली, पण चुकलेली असली तरी जुनी चिठ्ठी काढायची नाही. ती आहे तिथेच आहे. तिच्यावरचं अक्षर फार सुंदर आहे.